ईमेलच्या माथ्यावर येणारा आपोआप सारांश कसा बंद करावा, आणि सभासदांची कागदपत्रे कोणत्या खात्यात ठेवावीत?

घाटंजीचा_सचिव यांचा प्रश्न

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आमची एक लहानशी शेतकरी उत्पादक कंपनी आहे. कार्यालय म्हणजे गोदामाला लागून असलेली एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर आणि दोन कर्मचाऱ्यांचे स्वतःचे फोन. कंपनीचा सगळा पत्रव्यवहार गेली सहा वर्षे एकाच मोफत ईमेल खात्यावरून चालतो. सेवेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला तक्रार नोंदवायची नसून मार्ग हवा आहे.

गेल्या काही महिन्यांपासून पत्र उघडले की मजकुराच्या वर एक चौकट येते आणि तीत पत्राचा सारांश दिसतो. तो आम्ही कधी मागितला नव्हता. उत्तर लिहायला घ्यावे तर पुढचे अर्धे वाक्य फिकट अक्षरांत आधीच तयार असते. सुरुवातीला आम्ही तिकडे दुर्लक्ष केले. सोयाबीनच्या हंगामात जे घडले त्यानंतर मात्र ते शक्य राहिले नाही. आमच्या खरेदीदाराच्या पत्रात पुढील वाक्य होते : 'ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालेल असे मागील पत्रात कळविले होते, तथापि, साठवणुकीतील अडचण लक्षात घेता यापुढे १० टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल घेता येणार नाही.' चौकटीत आले : 'खरेदीदार १२ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेले सोयाबीन स्वीकारतील.' आमच्या कर्मचाऱ्याने फोनवर चौकट तेवढी वाचली आणि गोदामात हो सांगून टाकले. ट्रक भरून गेला, तेथे ओलावामापकावर ११.४ आले आणि ट्रक जसाच्या तसा परत आला. जाण्यायेण्याचे भाडे, दोन वेळची हमाली आणि पुन्हा वाळवण्याची मजुरी, सगळे आमच्या अंगावर पडले. पत्र पूर्ण वाचायला हवे होते, ही आमची चूक मला मान्य आहे. पण पत्राच्या आधी पत्रासारखेच दिसणारे काहीतरी ठेवलेले असेल, तर घाईत असलेला माणूस तेच पत्र समजतो, हेही तितकेच खरे आहे.

दुसरी गोष्ट मला अधिक सतावते. याच खात्यात सभासदांची आधार कार्डे, सातबाऱ्याचे उतारे आणि बँक पासबुकांच्या पहिल्या पानांची छायाचित्रे आहेत. संचालक मंडळाच्या बैठकीत एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "जे यंत्र पत्राचा सारांश काढते, ते माझा सातबाराही वाचत असेल ना?" मला उत्तर देता आले नाही.

तेव्हा ही चौकट कायमची बंद करता येते का, बंद केल्यावर यंत्राचे वाचणेही थांबते का, आणि थांबत नसेल तर आमच्यासारख्या तुटपुंज्या खर्चात चालणाऱ्या संस्थेने कोणत्या सेवेकडे वळावे, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती. गावात नेटवर्क एकाच टॉवरचे आहे आणि दुपारी वीज अनेकदा जाते, हे लक्षात घेऊन सुचवावे.


सेतूचालक_दारव्हा

सचिवसाहेब, दारव्ह्याजवळच्या एका गावात मी सेवा केंद्र चालवतो आणि हाच प्रश्न घेऊन आठवड्यातून दोघे-तिघे तरी माझ्याकडे येतात. सर्वसाधारण माहिती देतो, आपल्या सेवेला जी लागू पडेल ती घ्यावी.

जीमेलमध्ये चौकटीसाठी वेगळी कळ शोधत बसू नये. संगणकावर खाते उघडून सेटिंगमधील 'सामान्य' या विभागात खाली उतरत गेल्यास 'स्मार्ट फीचर्स' असा पर्याय दिसतो, त्यापुढील खूण काढावी. लोक येथेच थांबतात आणि नंतर काही बदलले नाही म्हणून चिडतात. त्याच्याच खाली वर्कस्पेसच्या, म्हणजे गूगलच्या कार्यालयीन कामाच्या साधनांच्या, स्मार्ट फीचर्सचा दुसरा पर्याय आहे. तो उघडल्यावर आत आणखी दोन कळा निघतात, एक वर्कस्पेसमधील सुविधांसाठी आणि दुसरी गूगलच्या इतर उत्पादनांसाठी. त्या दोन्हीही बंद कराव्यात. युरोपीय देश, ब्रिटन, स्वित्झर्लंड आणि जपान येथे हे पर्याय मुळात बंद ठेवलेले असतात. आपल्याकडे ते आपणच हाताने बंद करावे लागतात.

एक इशारा मात्र आधीच देतो. स्मार्ट फीचर्स बंद केले की जाहिरातींची, समाजमाध्यमांची आणि कामाची पत्रे वेगवेगळ्या कप्प्यांत लावण्याची सोयही त्याबरोबर जाते. दुसऱ्या दिवशी पेटी उघडली की सगळे एकाच ढिगात दिसते आणि माणूस घाबरून पुन्हा सगळे सुरू करतो. माझ्या मते ही गाठ जाणूनबुजून घट्ट मारलेली आहे. वर्षानुवर्षे वापरात असलेली साधी सोय आणि कोणी न मागितलेला सारांश एकाच कळीला बांधले, की कळ दाबणारे आपोआप कमी होतात. यावर उपाय म्हणजे स्वतः गाळण्या तयार करणे. 'या पत्त्यावरून आलेले पत्र या लेबलखाली ठेवावे' असे नियम पूर्वीपासून करता येतात आणि त्यांना कोणत्याही कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज लागत नाही. खरेदीदार, बँक, कृषी विभाग आणि लेखापरीक्षक असे चार नियम केले, तर आपले काम भागावे.

मायक्रोसॉफ्टच्या आउटलुकमध्ये सेटिंगमध्ये कोपायलट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाचा विभाग आहे, तेथून तो बंद करता येतो. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२५ मध्ये वैयक्तिक आणि कौटुंबिक वर्गणीत कोपायलट घातला आणि वर्गणीही वाढवली. कोपायलट नसलेली 'क्लासिक' वर्गणी जुन्या ग्राहकांना मिळू शकते, पण ती समोर मांडलेली नसते, वर्गणी रद्द करायला निघाल्यावर दिसते. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने याच लपवालपवीवरून ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीला न्यायालयात खेचले आहे.


निवृत्त_पोस्टमास्तर_आर्वी

माझे आयुष्य टपाल खात्यात गेले. तंत्रज्ञानातले मला फारसे कळत नाही, परंतु दुसऱ्याचे पत्र वाचण्याविषयी थोडेफार कळते.

आमच्या काळी गावात पत्र वाचून दाखवणे हेही पोस्टमनच्या कामात धरले जाई, नियमात ते कोठेही लिहिलेले नसले तरी. ओसरीवर बसायचे, चहा यायचा, आणि 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष'पासून 'कळावे'पर्यंत सगळे वाचायचे. माझ्या वरिष्ठांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते की सार सांगायचे नाही, पत्र वाचायचे. घाईत एकदा मी सार सांगितले. मुलगा पैसे पाठवतो आहे, एवढे सांगून सायकलवर बसलो. पत्रात मुलाने 'पैसे पाठवणार होतो, पण' असे लिहिले होते. त्या माउलीने दुकानदाराला शब्द दिला आणि पुढचा महिनाभर मला त्या गल्लीतून जाताना मान खाली घालावी लागली. आपल्या पत्रातल्या 'तथापि'चे जे झाले, तेच मी त्या 'पण'चे केले होते. फरक इतकाच की मला जाऊन क्षमा मागता आली.

म्हणून कळा बंद कराव्यातच, पण कार्यालयाची शिस्तही बदलावी. आपल्याकडे आवक-जावक नोंदवही असेलच. दर, वजन, ओलावा, तारीख किंवा रक्कम असलेले प्रत्येक पत्र छापून, त्यावर आवक क्रमांक घालून, ज्याने पूर्ण वाचले त्याची सही घ्यावी आणि मगच गोदामाला निरोप द्यावा. कागदाचा खर्च ट्रकच्या भाड्यापेक्षा कमी येतो.


संत्राबाग_वरुड

मी पुण्यात बारा वर्षे ईमेल सर्व्हर सांभाळण्याचे काम केले आणि आता वरुडला घरच्या बागेत राहून तेच काम दुरून करतो. सचिवांचा दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर वरच्या कोणत्याही कळीत नाही.

चौकट दिसणे आणि पत्र वाचले जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साध्या ईमेल सेवेत पत्र कंपनीच्या सर्व्हरवर अशा स्वरूपात असते की कंपनीला ते वाचता येते. वाटेत आणि साठवताना ते कुलूपबंद असते हे खरे, पण किल्ली कंपनीकडेच असते. नको असलेली पत्रे वेगळी काढण्यासाठी, विषाणू तपासण्यासाठी आणि शोधाची सोय देण्यासाठी यंत्र ती पूर्वीपासून वाचत आले आहे. जीमेल १ एप्रिल २००४ रोजी १ जीबी जागेसह सुरू झाले तेव्हा पत्रातील मजकूर पाहून शेजारी जाहिराती लावल्या जात. वैयक्तिक जाहिरातींसाठी पत्रे तपासणे थांबवत असल्याचे गूगलने जून २०१७ मध्ये जाहीर केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पत्रांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रशिक्षण सुरू झाल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. गूगलने ती नाकारली, जेमिनी या आपल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी जीमेलमधील मजकूर वापरत नसल्याचे सांगितले, आणि ज्या सुरक्षा कंपनीच्या लेखातून ती पसरली होती तिनेही आपले लेखन दुरुस्त केले. तेव्हा त्या ज्येष्ठ सभासदांना प्रामाणिक उत्तर द्यायचे तर असे द्यावे लागेल : सारांश काढणारे यंत्र सातबारा वाचू शकते, प्रशिक्षणासाठी तो वापरत नाही असे कंपनी म्हणते, आणि ते तपासून पाहण्याचे साधन आपल्या हाती नाही.

सारांशाच्या चौकटीला आणखी एक धोका चिकटलेला आहे. जुलै २०२५ मध्ये सुरक्षा संशोधकांनी दाखवले की पत्रात पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसणार नाही असा मजकूर लपवला, तर जेमिनी तो आज्ञा म्हणून पाळतो आणि सारांशात 'तुमचा पासवर्ड चोरीला गेला आहे, या क्रमांकावर फोन करा' असे लिहून देतो. वाचणाऱ्याला ती सूचना साक्षात ईमेल सेवेकडून आल्यासारखी वाटते. असा प्रयोग प्रत्यक्ष फसवणुकीत झाल्याचे आढळलेले नाही, असे गूगलने सांगितले. त्याच्या महिनाभर आधी कोपायलटमध्येही असेच छिद्र सापडले होते. केवळ एक पत्र आल्याने, वापरणाऱ्याने काहीही न दाबता, आतली माहिती बाहेर नेता येईल असे ते होते. मायक्रोसॉफ्टने ते बुजवले. ही छिद्रे बुजतात, पण मुळात परक्याने लिहिलेला मजकूर आणि मालकाची आज्ञा यांतला फरक या यंत्रांना अजून नीट करता येत नाही. तोवर परक्यांची पत्रे रोज येणाऱ्या पेटीवर हे यंत्र बसवणे मला घाईचे वाटते.

आता पर्यायांकडे येतो. पहिला पर्याय म्हणजे सेवा न बदलता वाचण्याचे साधन बदलणे. थंडरबर्ड हा मोफत आणि खुल्या स्रोताचा कार्यक्रम संगणकावर बसवून त्यात सध्याचे खाते जोडावे. चौकट, कृत्रिम बुद्धिमत्तेची चांदणीसारखी खूण आणि फिकट अक्षरे ही सगळी त्या सेवेच्या संकेतस्थळाची आणि अॅपची अंगे आहेत, थंडरबर्डमध्ये त्यांतले काही येत नाही. अँड्रॉइड फोनसाठी त्याची आवृत्ती ऑक्टोबर २०२४ मध्ये आली, ती पूर्वीच्या के-नाइन मेल या अॅपवर उभी आहे. आपल्यासाठी याचा मोठा लाभ असा की पत्रांची प्रत संगणकावर उतरवून ठेवता येते. टॉवर बंद असला तरी जुना पत्रव्यवहार उघडतो, आणि वीज गेली तर निदान लॅपटॉपवर तरी उघडतो. अर्थात सर्व्हरवरची मूळ पत्रे जेथे होती तेथेच राहतात. एक सावधगिरी बाळगावी : विंडोजमधील 'नवे आउटलुक' या कामासाठी घेऊ नये. ते इतर सेवांची खाती जोडताना पत्रे मायक्रोसॉफ्टच्या मेघातून (क्लाउडमधून) फिरवते. म्हणजे वाचणारा एक होता, तेथे दोन होतात.

दुसरा पर्याय म्हणजे किल्ली आपल्याकडे असणारी सेवा. प्रोटॉन मेल ही २०१४ मध्ये सुरू झालेली स्वित्झर्लंडमधील सेवा आणि टुटा ही जर्मनीतील हॅनोवर येथील सेवा, या दोन्हींत पत्र आपल्याकडच्या किल्लीनेच उघडेल असे कुलूपबंद करून साठवले जाते, त्यामुळे साठवलेले पत्र कंपनीला उघडता येत नाही. टुटामध्ये विषयाची ओळही कुलूपबंद असते, प्रोटॉनमध्ये ती तशी नसते. दोहोंची मोफत खाती मिळतात, पण जागा सुमारे १ जीबी एवढीच. पासबुकांची छायाचित्रे घातली तर ती लवकर भरेल. शिवाय मोफत खात्यावर थंडरबर्ड चालत नाही. प्रोटॉनला त्यासाठी सशुल्क खाते लागते आणि टुटा तर स्वतःच्या अॅप किंवा संकेतस्थळाशिवाय कोठेच उघडत नाही. टुटाचे मोफत खाते सहा महिने उघडले नाही तर ते काढून टाकले जाते.

लोक येथे एक गोष्ट विसरतात. आपण प्रोटॉनवर गेलो आणि आपला खरेदीदार जीमेलवर राहिला, तर त्या पत्राची एक वाचता येणारी प्रत त्याच्या पेटीत असतेच. कुलूप लावलेल्या पेटीतून काढून उघड्या पिशवीत घातल्यासारखे ते होते. बँक, कृषी विभाग, व्यापारी असे आपले बहुतेक जग उघड्या पिशवीवालेच आहे. त्यामुळे या सेवांचा खरा उपयोग साठवलेल्या कागदपत्रांना होतो, येणाऱ्याजाणाऱ्या पत्रांना तुलनेने कमी. किल्ली आपल्याकडे असण्याचा दुसरा अर्थ असाही आहे की ती हरवली तर कोणी नवी देत नाही. पासवर्ड विसरला आणि पुनर्प्राप्तीचा संकेत कागदावर लिहून ठेवलेला नसेल, तर जुनी पत्रे कंपनीलाही उघडून देता येत नाहीत. ज्या कार्यालयात दर दोन वर्षांनी कर्मचारी बदलतो, तेथे ही जोखीम लहान समजू नये.

भारतात आणखी एक बाब लक्षात ठेवावी लागते. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल देशात बंद करण्याची कार्यवाही करावी, असे निर्देश केंद्र सरकारला दिले होते. सेवा चांगली की वाईट हा येथे प्रश्न नाही. ज्या पत्त्यावर बँकेचे ओटीपी आणि शासनाची पत्रे येतात, तो असा टांगत्या तलवारीखाली ठेवू नये, इतकेच मला म्हणायचे आहे.

तिसरा पर्याय झोहो मेलचा. कंपनी तमिळनाडूतील आहे, पत्रपेटीत जाहिराती नसतात, आणि स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणारे आपले नाव, असल्यास पाच खात्यांपर्यंत मोफत योजना मिळते, प्रत्येक खात्याला ५ जीबी. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल खाती याच कंपनीच्या व्यवस्थेवर नेण्यात आली, ही गोष्ट २०२५ मध्ये बरीच गाजली. परंतु दोन गैरसमज दूर करतो. प्रोटॉनसारखी किल्ली येथे आपल्याकडे नसते, आणि झोहोकडेही झिया नावाची कृत्रिम बुद्धिमत्ता आहेच. म्हणजे स्वदेशी आहे म्हणून न वाचणारी आहे, असा अर्थ काढू नये. मोफत योजनेत थंडरबर्डही जोडता येत नाही. स्वतःचे अॅप किंवा संकेतस्थळच वापरावे लागते.

प्रोटॉननेही जुलै २०२४ मध्ये लेखनसाहाय्यक आणला, तेव्हा त्याच्या जुन्या ग्राहकांनी बरीच नाराजी व्यक्त केली होती. तो आपल्याच संगणकावर चालवण्याची सोय आहे, हा फरक मात्र नोंदवायला हवा. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वाराही न लागलेली सेवा शोधायला निघालात, तर यादी दरवर्षी लहान होत जाईल. ती न विचारता सुरू होते का आणि बंद केल्यावर दुसरी एखादी सोय हिरावून घेते का, एवढे पाहावे.


चिमूरची_शिक्षिका

सर्वांचे लेखन वाचले. थोडा वेगळा सूर लावते, राग मानू नये.

माझ्या दोन्ही डोळ्यांची दृष्टी अधू आहे. शिक्षण विभागाची परिपत्रके सात-सात पानांची येतात, त्यांतली चार पाने केवळ संदर्भ क्रमांकांची असतात. सारांशाची सोय मला उपयोगी पडते. त्यावरून काय वाचायचे ते ठरवते आणि मग मूळ परिपत्रक फोनकडून मोठ्याने वाचून घेते. पोस्टमास्तरकाकांचे म्हणणे पटते, पण ओसरीवर बसून पूर्ण पत्र वाचणारा पोस्टमन आता येत नाही, हेही पाहावे. माझी हरकत सोयीला नाही, ती न विचारता माथी मारण्याला आहे. इंग्रजी पत्रांपेक्षा मराठी पत्रांच्या सारांशात मला अधिक चुका आढळल्या. आपली शासकीय मराठी एका वाक्यात तीन वेळा वळते, आणि 'वगळून', 'अन्यथा', 'तथापि' यांपैकी एक शब्द गळला तरी आदेश उलटा होतो.

सचिवभाऊंना मात्र एक प्रश्न विचारते. ही आधार कार्डे आपल्या ईमेल खात्यात आली कोठून? आमच्या गावात पालक कागदपत्रे आधी व्हॉट्सअॅपवर पाठवतात, ती फोनच्या गॅलरीत जातात, गॅलरीतून मेघात जातात, झेरॉक्सवाल्याच्या संगणकावर त्यांची एक प्रत राहते, आणि मग कोठे ती ईमेलला जोडली जातात. आपण शेवटच्या दाराला कुलूप शोधत आहात आणि अंगणातली चार दारे सताड उघडी आहेत. जेथे चालत असेल तेथे मास्क केलेले आधार मागावे. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि शेवटचे चारच दिसतात, आणि ते आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. शाळेत आम्ही गेल्या वर्षीपासून तेच घेतो. कोणाचेही काम अडले नाही.


घाटंजीचा_सचिव

सर्वांचे मनापासून आभार. मॅडम, आपला प्रश्न बोचला आणि तो योग्यच आहे. आज दुपारी शोधून पाहिले. आमच्या खात्यात 'आधार' हा शब्द घालून शोध घेतला तर २०२० पासूनची पत्रे निघाली, त्यांत सभासदत्व सोडून गेलेल्यांचीही कागदपत्रे आहेत. ती आम्ही का ठेवली, याला माझ्याकडे उत्तर नाही.

संत्राबाग यांना दोन शंका विचारतो. आपण 'स्वतःचे डोमेन' म्हणालात, त्याला खर्च किती येतो आणि ते गावात बसून सांभाळता येते का? आणि हे सगळे करायचे ठरवले, तर सहा वर्षांचा जुना पत्रव्यवहार कसा हलवायचा?


संत्राबाग_वरुड

डोमेनचा खर्च साध्या '.इन' पत्त्यासाठी वर्षाला हजार रुपयांच्या आसपास धरावा. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नये, नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. डोमेनच्या नोंदींमध्ये एमएक्स नावाची एक नोंद असते. या पत्त्यावरची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे न्यायची, ते ती सांगते. उद्या सेवा आवडली नाही, बंद पडली किंवा तिने पुन्हा काही नको ते डोक्यावर बसवले, तर ती एक नोंद बदलायची. पत्ता तोच राहतो, लेटरहेड आणि गोदामावरची पाटी बदलावी लागत नाही, आणि खरेदीदाराला कळतही नाही. माझ्या दृष्टीने आपल्यासाठी सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे, प्रोटॉन की झोहो हा त्यामानाने किरकोळ वाद आहे. पत्र खरोखर आपल्याच पत्त्यावरून आले हे समोरच्या सर्व्हरला पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन नोंदीही त्याच वेळी करून घ्याव्यात, नाहीतर आपली पत्रे समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतील. हे तासाभराचे काम आहे. डोमेन कर्मचाऱ्याच्या किंवा वेबसाइट करून देणाऱ्याच्या नावावर न घेता कंपनीच्या नावावर घ्यावे. अमरावतीच्या बाजूला मी अशा दोन संस्था पाहिल्या आहेत, ज्यांचा पत्ता एका मुलाच्या नावावर होता आणि तो मुलगा हैदराबादला निघून गेला.

जुनी पत्रे हलवण्याविषयी : जीमेल असेल तर गूगल टेकआउटमधून सगळी पेटी एमबॉक्स नावाच्या स्वरूपात उतरवता येते. आपल्याकडच्या नेटवर मोठी पेटी दिवसा उतरत नाही, ती रात्री लावावी. फाइल मध्येच तुटत असेल तर लहान तुकड्यांचा पर्याय निवडावा. पण माझा सल्ला असा की सगळे हलवूच नये. मागील तीन-चार वर्षांचा व्यवहार घ्यावा, बाकीचे बाह्य हार्ड डिस्कवर उतरवून कपाटात ठेवावे, आणि आधार-पासबुकांची छायाचित्रे खात्यातून पुसावीत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. गरज संपलेली माहिती जवळ न ठेवणे हे त्या कायद्याचे एक मूळ सूत्र आहे. जी कागदपत्रे बँकेला पाठवावीच लागतात, ती सेव्हन-झिप या फाइली बांधण्याच्या कार्यक्रमाने पासवर्ड घालून पाठवावीत आणि पासवर्ड फोनवर सांगावा. त्याच पत्रात खाली पासवर्ड लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.


सेतूचालक_दारव्हा

एक पुरवणी जोडतो. पत्ता बदलल्यावर जुने खाते लगेच बंद करू नये. कंपनीची नोंदणी, जीएसटी, बँक, विमा, शासकीय पोर्टले अशा प्रत्येक ठिकाणी जुना पत्ता असतो आणि पासवर्ड विसरल्यावर दुवा तेथेच जातो. वर्षभर जुन्या खात्यावरून नव्याकडे पत्रे वळवत ठेवावीत, आणि जे पत्र वळून येईल त्या ठिकाणी जाऊन पत्ता बदलावा. वर्षाअखेर वळून येणारी पत्रे आपोआप विरळ होतात. गूगल दोन वर्षे न वापरलेले खाते काढून टाकू शकते, म्हणून अधूनमधून ते उघडतही राहावे.


घाटंजीचा_सचिव

काल संचालक मंडळाची बैठक झाली, तिचा वृत्तान्त येथे देतो.

कळा त्याच दिवशी बंद केल्या. चौकट गेली, कप्पेही गेले, आणि सेतूचालकभाऊंनी सांगितल्याप्रमाणे पेटीत बियाण्यांच्या जाहिरातींचा आणि खरेदीदाराच्या पत्रांचा एकच काला झाला. चार नियम केले, आता ठीक आहे. संगणकावर थंडरबर्ड बसवला. परवा दुपारी वीज आणि टॉवर दोन्ही गेलेले असताना कर्मचाऱ्याने आपला लॅपटॉप काढला, त्यावर उतरवलेल्या पत्रांतून मागच्या हंगामातील कराराचे पत्र उघडून दाखवले, तेव्हा विरोध करणारे एक संचालक गप्प झाले.

डोमेन कंपनीच्या नावावर घेण्याचा ठराव मंजूर झाला. झोहोच्या मोफत योजनेवर दोन खाती उघडू, एक व्यवहारासाठी आणि एक सभासदांसाठी. कागदपत्रे मात्र ईमेलमध्ये ठेवायची नाहीत असे ठरले. ती आल्या दिवशी तपासून, नोंद करून, कुलूपबंद हार्ड डिस्कवर घ्यायची आणि खात्यातून पुसायची. मास्क केलेले आधार चालेल का, हे बँकेला लेखी विचारले आहे. प्रोटॉनचा विचार सध्या सोडला, कारण पुनर्प्राप्तीचा संकेत कोणाच्या कपाटात ठेवायचा यावरच अर्धा तास वाद झाला.

पोस्टमास्तरकाकांची सूचना सर्वांना सर्वाधिक आवडली. आवक नोंदवहीत 'पूर्ण वाचले' असा नवा रकाना लाल शाईने आखला आहे, आणि पहिली सही ज्याच्या हातून तो ट्रक गेला त्याच कर्मचाऱ्याने केली.

ज्या ज्येष्ठ सभासदांनी सातबाऱ्याविषयी विचारले होते, त्यांना संत्राबाग यांचे उत्तर शब्दशः वाचून दाखवले. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मग माझा पुसा." त्यांच्यादेखत पुसला, ट्रॅशमधूनही काढला. आता इतर सभासदही तेच मागत आहेत. पुढच्या सोमवारपासून गटागटाने बोलावणार आहोत.